ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातून सजलेले घर
जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्यात जुन्या फर्निचरचा जो बाजार आहे, तिथून आम्ही नव्या घरासाठी सागवानी कपाट आणि चार खुर्च्या घेतल्या, आणि त्या खरेदीचे मला मनापासून समाधान आहे. जुन्या इमारतींतून निघालेले दरवाजे, खिडक्या, पलंग इथे येतात. त्यांचे मुरलेले सागवान मुंबईच्या दमट हवेतही स्वस्त पार्टिकल बोर्डासारखे फुगत नाही. मात्र पॉलिशच्या चकाकीला भुलू नये. खण पूर्ण बाहेर काढून आतली आणि मागची बाजू पाहावी. बारीक छिद्रे किंवा खाली पिठासारखा भुसा दिसला, तर लाकडाला कीड आहे असे समजावे, आणि एका दुकानातले देखणे टेबल आम्ही त्यामुळेच सोडले. घासाघीस चालते, पण टेम्पोचे भाडे आणि हमाली आधीच ठरवावी. आमचा हिशेब तिथेच चुकला.