अर्धाच कायदा सांगितला आणि माझे १८,८७५ डॉलर गेले

अमेरिकेत एअरलाइनमध्ये उडणाऱ्या मराठी पोरापोरींनो, कुणी तुम्हाला ‘पायलटसाठी टॅक्सचे नियम वेगळे असतात’ असं सांगायला लागलं की आधी खिसा चाचपा. हे वाक्य खोटं नाही. खोटं असतं तर मी पहिल्याच दिवशी हसून सोडून दिलं असतं.

माझा बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण, टेक्सासमधलं डॅलस. घर, बायको, मुलांची शाळा, घराचं कर्ज, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळं ईशान्येकडच्या एका राज्यात. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या मंडळातले लोक दोन मिनिटांत ओळखतील आणि मला पुढच्या गणपतीत तोंड दाखवायचं आहे. डॅलसला चौघांत मिळून एक क्रॅशपॅड आहे, ड्यूटीच्या आदल्या रात्री तिथे पाठ टेकायची. कम्यूट करणाऱ्या प्रत्येकाचं हेच आयुष्य असतं, जास्त सांगायला नको.

ज्या माणसाने फसवलं, तो पैसे घेऊन लोकांची टॅक्स रिटर्न भरून द्यायचा, त्याला सगळे काका म्हणतात. मीही म्हणायचो. मंडळाच्या आरतीला पुढे, प्रसादाच्या रांगेत मागे, अशी साधी राहणी. ‘अरे, तू पायलट ना? मग स्टेट टॅक्स कशाला भरतोस?’ इथून सुरुवात झाली. त्यांनी कायद्याचं कलमसुद्धा सांगितलं: फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याच्या ४९व्या टायटलमधलं ४०११६. मी घरी येऊन शोधलं, तर खरोखर आहे! विमानात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारावर वाटेतली सगळी राज्यं टॅक्स लावू शकत नाहीत. फक्त दोन लावू शकतात. एक, जिथे तो पगाराचा निम्म्याहून जास्त भाग कमावतो ते राज्य. काकांनी एवढंच सांगितलं. ‘तुझा बेस टेक्सास, टेक्सासला इन्कम टॅक्सच नाही, विषय संपला.’

दुसरं राज्य म्हणजे जिथे तो राहतो ते. ते काकांनी गाळलं. आणि निम्म्याहून जास्त कमाई ही बेसवर ठरतच नाही, ठरते ती त्या राज्याच्या हद्दीतल्या शेड्यूल्ड उड्डाणवेळेवर. डॅलसहून शिकागोला निघालं की थोड्या वेळात टेक्सास मागे पडतं आणि ओक्लाहोमा सुरू होतं. रोज देशभर उडणाऱ्या पायलटची निम्मी वेळ एकाच राज्यात भरणं जवळजवळ अशक्य. म्हणजे उरतं काय? राहतं घर. बेस डॅलसला असो नाहीतर मायामीला, तुमचं घर ज्या राज्यात आहे ते राज्य तुमच्या पूर्ण पगारावर टॅक्स घेणारच. टेक्सास किंवा फ्लोरिडाचा फायदा हवा असेल तर बिऱ्हाड उचलून तिथे जायला लागतं, क्रॅशपॅडच्या पत्त्यावर टपाल मागवून भागत नाही.

हे मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा मी कलमाचा पहिला परिच्छेद वाचला आणि काका बरोबर बोलतायत म्हणून खूश झालो.

दुसरी गोष्ट वजावटींची. आमच्याकडच्या जुन्या कॅप्टन लोकांच्या तोंडून ऐकत आलो होतो की पूर्वी पर डिएमचा (ट्रिपवरच्या रोजच्या खर्चाच्या भत्त्याचा) फरक, युनिफॉर्मची धुलाई, मेडिकलची फी, हेडसेट, सगळं वजा व्हायचं. आणि व्हायचंच. २०१७पर्यंत फॉर्म २१०६ भरून हे दाखवता यायचं. कंपनी देते त्या पर डिएमपेक्षा सरकारी दर जास्त असेल तर वरच्या फरकाचे ८० टक्के वजा करता यायचे, कारण आम्ही ड्यूटी-तासांच्या नियमाखाली येतो. मी ज्या वर्षांबद्दल लिहितोय, २०२२ आणि २०२३, तेव्हा आमच्यासारख्यांचा देशांतर्गत दर दिवसाला ६९ डॉलर होता. पण डिसेंबर २०१७च्या कायद्याने पगारदारांच्या या वजावटी २०१८पासून २०२५पर्यंत बंद केल्या आणि जुलै २०२५च्या कायद्याने कायमच्या बंद केल्या. फेडरल रिटर्नवर पगारदार पायलटला आज यातलं काहीही मिळत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियासारखी काही राज्यं आपापल्या रिटर्नवर अजून देतात, तिथे राहत असाल तर जरूर बघा. माझं राज्य त्यात नाही.

काकांना हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नका. पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी फॉर्म २१०६ला हात लावला नाही. त्यांनी माझ्या नावाने एक धंदाच काढला! शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा फॉर्म), व्यवसाय ‘एव्हिएशन कन्सल्टिंग’, उत्पन्न शून्य. २०२२ साली तोटा ३१,४०० डॉलर, २०२३ साली ३८,२००. क्रॅशपॅडचं भाडं, जेवण, घरून डॅलसला जायचा खर्च (तो तर पूर्वीही कधी चालत नव्हता), आणि माझ्या मालकीची नसलेल्या गाडीचे मैल. पहिल्या वर्षी फेडरलचे ६,९०८ जास्त परत आले, राज्याचे ४,९३६. दुसऱ्या वर्षी ८,४०४ आणि ५,८७२. राज्याच्या रिटर्नवर मला टेक्सासचा रहिवासी दाखवलं होतं, म्हणजे कापलेला सगळा टॅक्स परत.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये सिअॅटलच्या हॉटेलात होतो, विमान उशिरा उतरलेलं, डोळे मिटत होते. काकांचा मेसेज आला: ‘गेल्या वर्षीच्या रिटर्नवरचा एजीआयचा आकडा पाठव, आज फाइल करून टाकतो.’ मी फोटो काढून पाठवला.

एजीआय म्हणजे काही ठरावीक वजावटी जाऊन उरलेलं एकूण उत्पन्न. तो आकडा लागतो कुणाला? स्वतःचं रिटर्न स्वतः फाइल करणाऱ्याला, ओळख पटवायला. नोंदणी असलेला माणूस सहसा तुमच्याकडून फॉर्म ८८७९वर (फाइल करायच्या परवानगीचा कागद) सही घेतो आणि स्वतःच्या नंबराखाली फाइल करतो. काका माझ्या नावाने, मीच भरतोय असं दाखवून फाइल करत होते. पीडीएफ मला पाठवली होती. पहिल्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तळाशी पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याच्या सहीचा चौकोन असतो, तो कोरा होता. मी रिफंडचा आकडा बघितला आणि झोपलो. बायको नंतर म्हणाली, ‘लोडशीटवरपण अशीच सही करतोस का रे?’ यावर मी काय बोलणार.

पण मलाही माझी बाजू आहे. मी अडाणी नाही. पायलटांचेच रिटर्न करणारी चांगली माणसं या देशात आहेत, ती फी घेतात आणि सही करतात, म्हणून काकांचा धंदाही मला तसाच वाटला. कायदा शोधून वाचला होता. बाकीच्या दोघातिघांनी त्यांच्याकडून करून घेतलं होतं आणि सगळ्यांना पैसे आले होते. रिफंड आला म्हणजे सरकारने तपासून दिला असंच आपल्याला वाटतं ना? तसं नसतं. आधी देतात, मग तपासतात, आणि तपासायला त्यांच्याकडे साधारण तीन वर्षं असतात.

काकांची फी वर्षाला ६५०, शिवाय जास्तीच्या रिफंडवर १५ टक्के. म्हणजे १,७७६.६० आणि दुसऱ्या वर्षी २,१४१.४०, सगळं ‘झेल’ने, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या अॅपने. टक्क्यांवर फी मागणारा दिसला की उठा, चहासुद्धा पिऊ नका. पुण्यातला चुलतभाऊ सांगतो, तिकडे राजकीय पक्षांच्या देणग्या दाखवून रिफंड काढून देणारेही असेच टक्के घेतात. माणूस परदेशी आला तरी धंदा तोच.

दुसऱ्या वर्षी फेडरलचा रिफंड कमी आला. विचारलं तर ‘प्रोसेसिंगमध्ये असं होतं रे’. पुढे कळलं की फॉर्म ८८८८ जोडून रिफंडचे दोन भाग केले होते आणि २,४०० डॉलर भलत्याच खात्यात गेले होते. त्या फॉर्मवर फक्त तुमच्याच नावाची खाती चालतात, रिटर्न भरणाऱ्याचं खातं टाकायला मनाई आहे. वरून १५ टक्के घेतलेच होते, हे वेगळे!

मे २०२५मध्ये चौकशीचं पत्र आलं. कन्सल्टिंगचे ग्राहक कोण, करार दाखवा, मैलांची वही दाखवा. काकांना फोन केला तर पहिल्यांदा म्हणाले ‘घाबरू नकोस’, नंतर म्हणाले ‘रिटर्न तू स्वतः भरलं आहेस, कागद बघ’, आणि मग नंबर बंद.

इथून पुढचा तमाशा जास्त संतापजनक आहे. पोलिस चौकीत गेलो. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा. अहो, माझ्या रिफंडमधले २,४०० डॉलर दुसऱ्याच्या खात्यात गेलेत, ही चोरी नाही तर काय? म्हणाला, टॅक्सचं आम्ही बघत नाही. राज्याच्या ग्राहक कार्यालयाने सांगितलं, टॅक्सवाल्यांकडे जा. टॅक्सच्या हेल्पलाइनवर तेच तेच संगीत, मग ‘सध्या खूप कॉल आहेत’ आणि फोन कट. एकदा माणूस लागला तेव्हा दरवाजे बंद होत होते आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकणं माझंच काम होतं. बँकेला विचारलं, ते २,४०० कुणाच्या खात्यात गेले? खातेदाराची माहिती देता येत नाही. चोराची गोपनीयता जपली जाते, माझी मात्र पत्त्यासकट तीन सरकारी खात्यांच्या फायलींत. फेडरल तपासणीवाले म्हणतात राज्याचं नंतर बघा, राज्यवाले म्हणतात फेडरलचा निकाल आणा, आणि दोन्हीकडे व्याज चालूच. युनियनच्या माणसाने सहानुभूती दाखवली, टॅक्सचा सल्ला मात्र आम्ही देत नाही म्हणाला.

लबाड रिटर्नवाल्याची तक्रार करायला फॉर्म १४१५७ असतो, आणि आपल्याला न विचारता रिटर्न बदललं किंवा रिफंड पळवला असेल तर सोबत १४१५७-ए. दोन्ही भरले. उत्तरात छापील पत्र आलं की कारवाई होते की नाही हे तुम्हाला कळवता येणार नाही. व्यावसायिकावर विश्वास ठेवला होता म्हणून दंड माफ करा असं म्हणायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी तो व्यावसायिक कागदावर असावा लागतो. माझ्या कागदावर मी एकटाच. काकांचे मेसेज दाखवले तर म्हणे यात फक्त ‘पाठव’ आणि ‘झालं’ लिहिलंय.

हिशोब लिहितो, म्हणजे कुणाला वाटायला नको की थोडक्यात सुटला. मिळालेले २६,१२० परत भरले, ते माझे नव्हतेच. त्यावर फेडरलचा २० टक्के दंड ३,०६२, व्याज २,६०४. राज्याचा दंड आणि व्याज २,३९१. काकांची फी ५,२१८ आणि पळवलेले २,४००. हे निस्तरायला ज्या बाईंना गाठलं त्यांची फी ३,२००, आणि ती एकच रक्कम सत्कारणी लागली. बेरीज १८,८७५.

त्या बाईंनी पहिल्याच भेटीत स्वतःचा रिटर्न भरणाऱ्याचा नोंदणी नंबर दाखवला: पी आणि पुढे आठ आकडे. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाकडे तो हवा आणि रिटर्नवर त्याची सही हवी. नंबर विचारल्यावर जो ‘आपल्यात काय हे’ म्हणतो, तो आपल्यातला नाही. आणि हो, मुक्कामाच्या ट्रिपवरचं पर डिएम पगाराच्या करपात्र आकड्यात नसतंच, त्यामुळे ‘ते सोडवून देतो’ म्हणणारा तुमचेच पैसे तुम्हाला विकतोय. त्याच दिवशी परत येणाऱ्या ट्रिपचं मात्र करपात्र असतं, भांडू नका.

ज्यांनी काकांकडून, किंवा अशाच कुणाकडून, गेल्या तीन वर्षांत रिटर्न भरून घेतलं असेल त्यांनी आजच टॅक्सवाल्यांच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून ट्रान्सक्रिप्ट (त्यांच्याकडे नोंदलेल्या रिटर्नचा उतारा) काढा, काकांच्या पीडीएफवर विसंबू नका. त्यात शेड्यूल सीचा तोटा दिसला आणि तुमचा धंदा नसला, तर लगेच १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करा आणि राज्याचंही करा. चौकशीचं पत्र यायच्या आधी दुरुस्ती गेली तर टॅक्स आणि व्याज भरावं लागतं, पण तो २० टक्क्यांचा दंड सहसा टळतो. पत्र आल्यावर ही सवलत संपते. माझं पत्र आधी आलं होतं.