धुळे-जळगाव तुलनेसाठी क्यूजीआयएस: फुकट, पण डोळसपणे वापरा

दोन शहरं शेजारी ठेवून अभ्यासायची तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे; पैसे लागत नाहीत. क्विकओएसएम हे प्लगिन (जोडसाधन) टाकलं की ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते, बाजार, देवळं, मशिदी थेट उतरतात. धुळ्यातल्या नंबरांच्या सरळ गल्ल्या आणि जळगावातल्या पेठा एकाच मापात पाहिल्या की फरक लगेच दिसतो.

चुका होतात त्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत. उतरलेला डेटा अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असतो. बफरला (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखताना) ५०० टाकलं तर ते ५०० अंश धरलं जातं, मीटर नव्हे. आधी 'रिप्रोजेक्ट लेयर'नं डेटा ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये आणा. दोन्ही शहरं त्याच्या ४३ उत्तर झोनमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या एकाच उभ्या पट्ट्यात येतात, हे आपलं नशीब.

दुसरी गोम हद्दीची. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९. पण धुळे महापालिकेची हद्द नंतर वाढली, वलवाडीसारखी गावं आत आली. जुनी लोकसंख्या नव्या क्षेत्रफळानं भागली की घनता उगाच कमी दिसते. जुनीच हद्द वापरा.

आठवडे बाजार मात्र नकाशावर भरवशाचे नाहीत. उपग्रहचित्रात एरवी नुसतं मोकळं मैदान दिसतं. बाजाराच्या दिवशी जाऊन जीपीएसनं कडा टिपाव्यात. शहराच्या संस्कृतीवर लिहायचं असेल तर ही पायपीट चुकत नाही.