इंटरफेरॉन-गॅमाचा प्रोजेक्ट: क्यूपीसीआर की आरएनए-सीक्वेन्सिंग?

कर्करोगाच्या पेशींना इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर कोणती जनुकं जागी होतात, हा विषय घेणारी नांदेड-लातूरकडची एम.एस्सी.ची मुलं पहिल्याच आठवड्यात अडतात: मोजायचं कशानं? क्यूपीसीआरनं (निवडक जनुकांचा आरएनए मोजणारी पद्धत) की आरएनए-सीक्वेन्सिंगनं (पेशीतला सगळा आरएनए वाचणारी)? माझं मत आधीच सांगतो. हाताशी एकच सत्र असेल तर क्यूपीसीआर.

विषय मोलाचा आहे. टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेलं हे प्रथिन कर्कपेशीच्या रिसेप्टरला चिकटतं, जॅक१ आणि जॅक२ ही विकरं स्टॅट१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, स्टॅट१ केंद्रकात शिरतं. मग एचएलएची (पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या रेणूंची) जनुकं वाढतात आणि पेशी टी-पेशींच्या नजरेत येते. पण पेशीच्या पृष्ठभागावरचं पीडी-एल१ हे प्रथिनही वाढतं, आणि तीच पेशी त्या टी-पेशींना थोपवते. एकाच संदेशाची ही दोन उलटी उत्तरं स्वतःच्या हातानं मोजायला मिळतात.

क्यूपीसीआरला आयआरएफ१, एचएलए-ए, पीडी-एल१, सीएक्ससीएल१० एवढी जनुकं पुरेत. आयआरएफ१ पहिल्या काही तासांतच उसळतं, म्हणून फक्त २४ तासांचा नमुना घेऊ नका. २ आणि ६ तासांचाही घ्या. खरी फसगत संदर्भ-जनुकात (ज्याची पातळी स्थिर धरून बाकीची ताडतात) होते. बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन बऱ्याच ठिकाणी संदर्भ म्हणून वापरतात, पण ते एचएलएचंच जोडीदार. इंटरफेरॉननं तेही वाढतं. त्याच्याशी ताडून पाहिलं की बाकीच्यांची वाढ झाकली जाते. माझ्या एका विद्यार्थिनीचे दोन महिने यातच गेले. प्रोटोकॉल मीच दिला होता, त्याची रुखरुख अजून आहे.

सीक्वेन्सिंगमध्ये सगळी जनुकं एकदम दिसतात, न शोधलेलंही सापडतं. पण प्रथिन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी, दोन वेळा, प्रत्येकी तीन स्वतंत्र प्रती, म्हणजे १२ नमुने. ते ड्राय आइसमध्ये पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायचे. त्याआधी एप्रिलच्या उन्हात वीज जाऊन फ्रीझर तापला तर आरएनएचे तुकडेच उरतात. विश्लेषण शिकवणारं कुणी जवळ असेल तरच या वाटेला जा.

सेल कल्चरच (पेशी वाढवण्याची सोय) नसेल तर जीईओ या जनुक-डेटाच्या सार्वजनिक साठ्यातला खुला डेटा उतरवून गॅलक्सी या मोफत ऑनलाइन विश्लेषण-साधनावर अभ्यासा. परभणीच्या एखाद्या छोट्या कॉलेजसाठी मला हेच सगळ्यात योग्य वाटतं.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी-विज्ञान केंद्र) मागवता येतात. हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी) घ्या, एलएनकॅप (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या) नको, त्यांच्यात जॅक१ बंद असल्यानं त्या इंटरफेरॉनला दाद देत नाहीत. आणि प्रथिन मागवताना मानवी आहे ना, ते बघा. उंदराचं इंटरफेरॉन-गॅमा आपल्या पेशींवर चालत नाही.