बैठक गोदामात की दांडिया बाजारात?
कोजागिरीच्या गाण्याला जागा हवी होती. १९०७ साली बडोद्यात सुरू झालेल्या ॲलेम्बिक या औषध कंपनीच्या गोरवा भागातल्या जुन्या कारखान्यांत आता कलादालनं आहेत. त्याच धर्तीवर सजवलेलं दुसरं एक गोदाम पाहिलं. उंच छत, उघड्या विटा, मधे एकही खांब नाही. फोटो काय सुरेख येतील! पण टाळी वाजवली तर पत्र्यावरून परत आली. म्हणजे तबल्याचा एक बोल दुसऱ्यावर चढणार. जाड पडदे, सतरंज्या लावल्याशिवाय तिथे गाणं नकोच.

बडोद्याच्याच दांडिया बाजारातलं मंगल कार्यालय साधंच. ट्यूबलाइट फडफडते, गाडी लावायला जागा नाही. पण छत बुटकं, आवाज घुमत नाही, मागे दूध आटवायला शेगडी, आणि जोशीकाकू चालत येतात. चित्रप्रदर्शन असतं तर गोदामच घेतलं असतं. कार्यालयाचा बयाणा काल देऊन आलो.