बिटवॉर्डन: आमच्या ऑफिसात दोन वर्षं वापरल्यावर

रविवार कारंजाजवळ आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस. मी आणि कामाला दोन मुली. क्लायंटचे जीएसटी, इन्कम टॅक्सचे पासवर्ड आमच्या भरवशावर, म्हणजे जोखीम मोठी. म्हणून आम्ही बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ॲप वापरतो.

आधी एक वेगळी सिस्टीम घेतली होती. दर महिन्याला पासवर्ड बदला, कॅपिटल घाला, चिन्ह घाला. मुली शेवटचा आकडा तेवढा वाढवायच्या आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवायच्या. मी रागावले होते. चूक त्यांची नव्हतीच. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं, की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबीवर भर द्या.

बिटवॉर्डनमध्ये एकच मोठा मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे तेच बनवतं आणि भरतं. मार्चच्या गडबडीत एका मुलीने मेलमधून बँकेची लिंक उघडली. पान हुबेहूब, लोगोसकट. पण पासवर्ड भरलाच जाईना. "ताई, हे आज भरत का नाही?" पत्ता नीट वाचला तर एक अक्षर जास्तीचं! पासवर्ड ज्या पत्त्यासाठी साठवलाय तो जुळल्याशिवाय ते सुचवतच नाही. त्या मुलीला वेगळं काही शिकवावं लागलं नव्हतं. मला सोपेपणा म्हणतात तो हाच.

एकट्याला फुकटची आवृत्ती पुरते. आम्ही तिघी वाटून वापरतो, म्हणून पैसे भरतो. मास्टर पासवर्ड मात्र बिटवॉर्डन कंपनीकडेही नसतो, म्हणजे विसरलात तर ती सांगू शकत नाही. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात कुलपात ठेवा.