उरलेला माल फूड बँकेला: फ्रान्सची सक्ती, इटलीची सवलत आणि निवेदनात नेमकं काय मागावं

‘मोठ्या दुकानांनी उरलेलं अन्न फेकू नये, गरजूंना द्यावं, तसा कायदा करा’ असं निवेदन लिहायला बसलेल्या संस्थेपुढे मुख्यतः दोन नमुने असतात. एक फ्रान्सचा, सक्तीचा. दुसरा इटलीचा, सवलतीचा. दोन्ही २०१६ सालचे. फ्रान्सच्या कायद्याचा जगभर बोलबाला झाला, इटलीचा फारसा कुणाला ठाऊक नाही. आमचा कल आधीच सांगून टाकतो: सांगाडा इटलीचा घ्यावा आणि फ्रान्सची दोन कलमं त्यात बसवावीत.

फ्रान्समध्ये सक्ती कशाची आहे?

११ फेब्रुवारी २०१६ चा हा कायदा खासदार गियोम गारो यांच्या नावाने ओळखला जातो. ४०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ४,३०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानाने अन्नवाटप करणाऱ्या संस्थेशी लेखी करार केला पाहिजे, ही त्यातली सक्ती. माल किती द्यायचा, याबद्दल कायदा गप्प आहे. रोज दहा क्रेट देणारं दुकान आणि महिन्याला दोन देणारं दुकान, दोघांचाही करार कपाटात असला की कायद्यापुरती दोघंही सारखीच. करार नसेल तर दंड होता जास्तीत जास्त ४५० युरो. मोठ्या साखळी दुकानाला हा चहापाण्याचा खर्च.

मग या कायद्यात दम कशात आहे? दोन कलमांत. पहिलं, खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायला बंदी. कचरापेटीतून कुणी काही उचलू नये म्हणून काही दुकानं फेकलेल्या मालावर ब्लीच ओतायची. त्यावर कायद्याने ३,७५० युरोंचा दंड ठेवला. फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या कायद्याने तो वार्षिक उलाढालीच्या ०.१ टक्क्यापर्यंत वाढवला. दंड उलाढालीला बांधला की मुख्यालयाचं लक्ष जातं.

दुसरं कलम कमी लोकांना माहीत आहे, पण आमच्या मते तेच जास्त कामाचं. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल दुसऱ्याच कारखान्यात बनतो आणि ‘हा माल कुणाला फुकट देऊ नये’ अशी अट करारात असू शकते. दान अडवणारी अशी कुठलीही अट फ्रान्समध्ये चालत नाही.

कायदा आला तेव्हा संस्थांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. करार झाले, क्रेट येऊ लागले, पण क्रेटमध्ये काय असेल याचा भरवसा नव्हता. नासलेला माल संस्थेच्या दारात पोचला की तो टाकण्याचा खर्च संस्थेच्या गळ्यात पडतो; दुकानाचा कचरा तेवढा कमी होतो. म्हणून डिसेंबर २०१६ च्या आदेशाने निवडण्याचं काम दुकानाच्याच माणसांवर टाकलं आणि १ जानेवारी २०२० पासून दानाच्या मालाची गुणवत्ता तपासण्याची पद्धत लावणं व कर्मचाऱ्यांना त्याचं शिक्षण देणं बंधनकारक झालं. कायद्यानंतर चार वर्षांनी ही दुरुस्ती आली. आपल्या निवेदनात ती पहिल्या दिवसापासून असावी.

दह्याचा एक क्रेट

दोन्ही देशांत खरा निकाल लागतो तो दुकानाच्या मागच्या दाराशी. सकाळी दुकान उघडण्याआधी डेअरीच्या शेल्फवरचा माणूस तारखा बघत पुढे सरकतो. दह्याच्या कपांची पाकिटं, शेवटची तारीख तीन दिवसांनंतरची. त्याच्यापुढे दोन पर्याय: सवलतीचं स्टिकर लावून शेल्फवर ठेवायची, किंवा आजच दानाच्या क्रेटमध्ये टाकायची. स्टिकर लावलं आणि निम्मी विकली गेली, तर उरलेल्यांना उद्या दोनच दिवस उरतात, परवा एक. फ्रेंच नियमांनुसार उचलताना मालाला किमान ४८ तास शिल्लक हवेत. त्याहून कमी असतील तर तारखेआत वाटप होईल याची हमी संस्थेने द्यायची. म्हणजे स्टिकर एक दिवस जास्त राहिलं की तोच क्रेट दानातून कचऱ्यात जातो. सवलतीत विकणं वाईट नाही, अन्न खाल्लंच जातं. पण स्टिकरवरची आणि उरलेला माल स्वस्तात विकणाऱ्या अ‍ॅपवरची विक्री वाढली की फूड बँकेकडे, म्हणजे असा माल जमवून वाटणाऱ्या संस्थेकडे, उरतं ते कुणीच न घेतलेलं.

क्रेट भरल्यावरही घोळ होतात, आणि तेच ते होतात. फुटलेला एक कप तळाशी राहिला की वरची सगळी पाकिटं चिकट होतात आणि स्वयंसेवक अख्खा क्रेट बाजूला काढतात. गाडी नऊला येणार म्हणून क्रेट आठलाच शीतकपाटातून बाहेर काढतात. गाडी दहाला येते, आणि ४ अंशांखाली राहायला हवं ते दूध-मांस उन्हाळ्यात धक्क्यावर बसून राहतं. पावतीवर वजन न लिहिता नुसतं ‘६ क्रेट, मिश्र’ लिहिलं की करसवलतीच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही. शनिवारी माल जास्त आणि स्वयंसेवक कमी. पावाचा तर सगळीकडे पूर: रोज येतो, सगळ्या दुकानांतून येतो, आणि संध्याकाळी जेवायला येणाऱ्यांना तो तेवढा नको असतो.

यातली एकही अडचण दंड वाढवून सुटत नाही. गाडी, शीतकपाट, वजनकाटा आणि तारखा वाचणारा माणूस लागतो.

इटलीने काय केलं

इटलीची सुरुवात आधीची आहे. २००३ च्या एका छोट्या कायद्याने अन्न वाटणाऱ्या सेवाभावी संस्थेला ‘अंतिम ग्राहक’ मानलं. एवढ्या एका शब्दाने दुकानाची मोठी भीती गेली: माल संस्थेच्या हातात दिल्यावर पुढे कुणाच्या घरी काय झालं याची जबाबदारी दुकानावर येत नाही. मग १९ ऑगस्ट २०१६ चा कायदा क्रमांक १६६, खासदार मारिया कियारा गाद्दा यांचा. त्यात दान न करणाऱ्याला दंडच नाही. कोणता माल कसा द्यायचा, कागद कोणते आणि बदल्यात काय मिळेल, हे लिहिलं आहे.

पावाचंच घ्या. भाजल्यापासून २४ तासांत न विकलेला बेकरीचा माल ‘उरलेला’ मानून देता येतो, असं कायदाच म्हणतो. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असं लिहिलेला माल, म्हणजे पास्ता, बिस्किटं, डबे, तारीख उलटल्यावरही पाकीट शाबूत असेल तर देता येतो. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ लिहिलेला माल मात्र नाही. दुकानातल्या साध्या कर्मचाऱ्याला निर्णय घेता येईल इतकं हे स्पष्ट आहे, आणि आमच्या लेखी हाच या कायद्याचा सर्वांत मोठा गुण. अस्पष्ट नियमापुढे कर्मचारी नेहमी फेकण्याचाच निर्णय घेतो, कारण फेकल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही.

पैशाची बाजू: दान केलेला माल व्हॅटच्या हिशेबात ‘नष्ट झालेला’ धरतात, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या व्हॅटचा परतावा जात नाही. शिवाय दिलेल्या वजनाच्या प्रमाणात नगरपालिका दुकानाचा कचराकर कमी करू शकते. ‘करू शकते’, करावाच लागतो असं नाही. इथेच इटलीचा कायदा लंगडतो. पालिका उत्साही असेल तर चालतं, नसेल तर ते कलम कागदावरच.

उत्साही पालिकेचं उदाहरण मिलान. पालिका, उद्योजकांची संघटना, तिथलं तंत्रविद्यापीठ आणि फूड बँक यांनी मिळून २०१९ मध्ये इझोला वस्तीत पहिलं संकलन केंद्र उघडलं. जवळपासच्या दुकानांचा माल एका जागी आणायचा, निवडायचा आणि वस्तीतल्याच संस्थांना द्यायचा, अशी रचना. २०२१ मध्ये या केंद्रांसाठी मिलानला पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. यातली खुबी अंतराची आहे. ४८ तास हातात असताना माल शहराबाहेरच्या गोदामात नेऊन परत आणण्यात एक दिवस जातो. केंद्र वस्तीत असलं की सकाळचा क्रेट संध्याकाळी घरात.

पैशांची तुलना

फ्रान्सला नुसती सक्ती म्हणणंही बरोबर नाही. दिलेल्या मालाच्या किमतीच्या ६० टक्के रक्कम तिथे दुकानाच्या करातून थेट वजा होते. वर्षाला २०,००० युरो किंवा उलाढालीच्या ०.५ टक्का, यांतलं जे जास्त असेल त्या मर्यादेपर्यंत. ही सवलत २०१६ च्या कायद्याआधीपासूनची आहे. हिशेब सोपा आहे. १०० युरोंचा माल फेकला तर वर कचरा उचलण्याचा खर्च. दान केला तर ६० युरो करातून सुटतात आणि कचऱ्याचं वजन घटतं. ‘फ्रान्समध्ये सक्तीमुळे दुकानं देतात’ असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हे ६० टक्केही सोबत सांगावेत.

इतरांचं थोडक्यात. चेक प्रजासत्ताकाने २०१८ पासून ४०० चौरस मीटरच्या वरच्या दुकानांना खरोखर दानच सक्तीचं केलं. दंड एक कोटी कोरुनांपर्यंत. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२२ पासून मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल देणं आणि नोंदी ठेवणं बंधनकारक केलं. पोलंडचा २०१९ चा कायदा गमतीचा आहे: वाया घालवलेल्या दर किलोमागे दुकानाने ०.१ झ्लोटी भरायचे, आणि करार केलेला असेल तर ते पैसे त्या संस्थेलाच मिळतात. रक्कम किरकोळ आहे, पण दुकान जितकं फेकेल तितकं संस्थेच्या डिझेलला मिळेल, ही कल्पना पळवण्यासारखी आहे.

आपल्याकडे हे कुठे अडतं

भारतात दानाची सक्ती नाही, पण नियम नाहीत असंही नाही. एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) उरलेल्या अन्नाच्या संकलन-वाटपाचे २०१९ चे नियम महाराष्ट्र-गोव्यातही लागू आहेत. वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, माल वेगळा ठेवायचा, ‘मोफत वाटपासाठी, विक्रीसाठी नाही’ असं लेबल लावायचं, कुणाकडून काय घेतलं त्याची नोंद ठेवायची. गाडं पुढे अडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, जीएसटी. माल नष्ट केला किंवा फुकट दिला, दोन्ही बाबतीत केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उलटवावं लागतं. म्हणजे फेकण्यात आणि देण्यात दुकानाच्या हिशेबवहीत काडीचा फरक नाही. उलट देण्यात माणसाचा वेळ जातो. देणगीवर आयकरात जी वजावट मिळते, तीही वस्तुरूपातल्या दानाला लागू नाही. फ्रान्स आणि इटली दोघांनीही जो प्रश्न आधी सोडवला, तो आपल्याकडे तसाच आहे. कायदा राज्याकडे मागणार असाल तरी हा भाग दिल्लीचा आणि जीएसटी परिषदेचा आहे. निवेदन दोन पत्त्यांवर जायला हवं.

दुसरं, एक्सपायरीचा माल कंपनीला परत करण्याची आपली पद्धत. पाकीटबंद मालावर दुकानदाराला बहुतेकदा वितरकाकडून डॅमेज-एक्सपायरीचा क्लेम, म्हणजे खराब किंवा तारीख उलटलेल्या मालाची भरपाई, मिळतो, पण माल दाखवला तर. तारखेच्या दहा दिवस आधी बिस्किटं दान करणारा दुकानदार तो क्लेम गमावतो. म्हणून तो वाट बघतो, तारीख उलटते आणि खाण्याजोगा माल कायद्याने निकामी होतो. फ्रान्सचं दान अडवणाऱ्या अटींचं कलम इथे कामाला येईल, पण ते दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडपुरतं न ठेवता वाढवावं लागेल: तारखेआधी नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या मालाची पावती क्लेमसाठी ग्राह्य धरावी.

तिसरं, तारखा. २०२० च्या लेबल-नियमांनी आपल्याकडे पाकिटावर ‘एक्सपायरी’ किंवा ‘युज बाय’ तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवलं. त्यामुळे तारीख उलटलेला पास्ता देण्याची इटालियन मुभा इथे जशीच्या तशी मागता येणार नाही. आपल्याला तारखेच्या अलीकडेच माल पकडावा लागेल.

आणखी एक आकडा जवळ ठेवा, कारण समोरून तो विचारला जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नापैकी किरकोळ दुकानांचा वाटा १२ टक्के होता, घरांचा ६० आणि हॉटेल-खानावळींचा २८. अन्नाची नासाडी थांबवणं हा तुमचा मुख्य हेतू असेल, तर सुपरमार्केटचा कायदा हे त्यासाठी छोटं हत्यार आहे. गरजूंच्या घरी रोज ठरलेला, पाकीटबंद, तारीख लिहिलेला माल पोचवणं हा हेतू असेल, तर लग्नाच्या हॉलमधल्या उरलेल्या पुलावापेक्षा दुकानाचा माल हाताळायला कितीतरी सोपा.

कायद्याची वाट न बघता

निवेदनाला उत्तर येईपर्यंत एका दुकानाशी करार करून बघायचा असेल, तर सुरुवात कोरड्या पाकीटबंद मालाने आणि भाजी-फळांनी करा, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी. दूध, पनीर, मांस तेव्हाच घ्या, जेव्हा संस्थेकडे बर्फाच्या प्लेट ठेवता येतील अशी उष्णतारोधक पेटी असेल आणि घेताना व देताना तापमान लिहिणारा माणूस असेल. ५ अंशांच्या वर गेलेला क्रेट दारातूनच परत. करारात चार गोष्टी नक्की लिहा: निवडायचं कुणी, गाडी उशिरा आली तर क्रेट कुठे थांबणार, तारखेला किमान किती दिवस शिल्लक हवेत, आणि घेतल्यावर खराब निघालेला माल टाकण्याचा खर्च कुणाचा. चौथ्या मुद्द्यावर दुकानाचा व्यवस्थापक हमखास अडेल. तिथे सोडू नका. आधीच्या तिन्ही मुद्द्यांकडे दुकान किती लक्ष देणार, ते त्या एका ओळीवर ठरतं.