फ्लिपर रिबिल्ड किट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आधीच सांगतो, पिनबॉलच्या फ्लिपरचे (बटण दाबलं की बॉल मारणारा पंखा) झिजलेले भाग बदलायचं हे किट चांगलं आहे आणि पैसे वसूल झाले. पण फ्लिपर अडकतोय म्हणून डोळे झाकून मागवू नका. माझ्या मते त्यातल्या निम्म्या वस्तू अनेकांना लागणारच नाहीत, आणि जी सगळ्यात स्वस्त आहे तिच्यावरच सगळा खेळ आहे.

आमचं पिनबॉल मशीन ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकन बनावटीचं. इंदूरला रामबागेतल्या घरात खालच्या खोलीत ठेवलंय. शाळा सुटली की गल्लीतली सगळी पोरं तिथेच, त्यामुळे घरचं मशीन असलं तरी वापर पार्लरसारखा. होळीनंतर डावा फ्लिपर कुरकुर करायला लागला. बटण सोडलं तरी वरच राहायचा. खालून पुतण्याची हाक ठरलेली, "काका, डावा परत वरच राहिला!" कॅबिनेटला बाजूने थाप मारली की यायचा खाली, पण थाप जरा जोरात बसली की टिल्ट होऊन (मशीन हलवलं की ते फ्लिपर बंद करतं) तो बॉलच वाया जायचा.

पहिली तपासणी फुकट आहे. फ्लिपर वर अडकलेला असतानाच मशीन बंद करा. लगेच खाली आला तर दोष विजेचा: बटणाच्या पत्त्या चिकटल्या असतील किंवा नव्या मशीनमध्ये ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल. बंद केल्यावरही तसाच वर राहिला तर दोष खालच्या जुळणीत आहे आणि किटचा विचार करायला हरकत नाही. आमचा वरच राहिला. प्लग काढायचा, बॉल बाहेर काढून ठेवायचे आणि मग प्लेफील्ड, म्हणजे बॉल ज्यावर फिरतो ती फळी, उचलायचं. प्लग काढण्यात आळस नको, कॉइलला (फ्लिपर उचलणारी तारेची गुंडाळी) 50 व्होल्टच्या आसपास डीसी येतो आणि नंतरच्या काही मशीनमध्ये त्याहून जास्त.

प्लेफील्डखाली फ्लिपरची रचना तशी साधी. कॉइलमध्ये नायलॉनची एक नळी असते, तिला स्लीव्ह म्हणतात. त्यातून लोखंडी प्लंजर आत खेचला जातो, लिंक आणि क्रँकमधून ती ओढ फ्लिपरच्या दांड्यापर्यंत पोचते आणि फ्लिपर उचलला जातो. आत गेलेला प्लंजर प्रत्येक वेळी कॉइलच्या टोकाला बसवलेल्या अडणीवर, म्हणजे कॉइल स्टॉपवर, आपटतो. आमच्या प्लंजरचं टोक आपटून आपटून जुन्या छिन्नीच्या डोक्यासारखं पसरलं होतं. स्लीव्हमध्ये काळी भुकटी. स्लीव्ह बाहेर काढायला गेलो तर निघेना, कारण मधोमध ती तपकिरी पडून फुगली होती.

हा तपकिरी रंग बघून मी थांबलो. नुसत्या झिजेने स्लीव्ह तपकिरी होत नाही, त्याला उष्णता लागते.

जुन्या मशीनच्या फ्लिपर कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची गुंडाळी चारेक ओहमची, ताकद तिची. बारीक तारेची शंभर ओहमच्या वर, तिचं काम फ्लिपर नुसता वर धरून ठेवायचं. फ्लिपर खाली असताना ईओएस (एंड ऑफ स्ट्रोक) नावाचा स्विच बारीक गुंडाळीला वळसा घालून सगळा प्रवाह जाड गुंडाळीत सोडतो, म्हणजे बारा अँपिअरच्या आसपास. फ्लिपर पूर्ण वर गेला की स्विच उघडतो, दोन्ही गुंडाळ्या एकामागे एक जोडल्या जातात आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. स्विच उघडलाच नाही आणि पोरगं बटण दाबून बसलं, तर ते बारा अँपिअर वाहतच राहतात. फ्यूज वेळेत गेला तर नशीब, नाही तर कॉइल तापते आणि आतली स्लीव्ह मऊ पडते. आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. ईओएसची पत्ती वाकलेली होती, फ्लिपर वर गेला तरी संपर्क सुटत नव्हता. नुसती स्लीव्ह बदलली असती तर नवीही फुगलीच असती.

(विल्यम्स या पिनबॉल कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे दिलं. त्या मशीनचा ईओएस उलटा चालतो, फ्लिपर वर गेल्यावर जुळतो. किट घेताना आपलं मशीन कुठल्या जातीचं ते आधी बघा.)

किट कस्टममध्ये पडून होतं, म्हणून मधल्या काळात पोलोग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून प्लंजर करून घेतला. मापं अगदी तंतोतंत. लोखंड कुठलं वापरतोस विचारलं तर म्हणाला, "भिया, लोहा तो लोहा है." तसं नाही ना. प्लंजरला मऊ, कमी कार्बनचं लोखंड लागतं. कडक पोलाद असेल तर वीज गेल्यावरही त्यात थोडं चुंबकत्व उरतं आणि प्लंजर स्टॉपला चिकटून राहतो. दोन-चार दिवस झकास चालला, मग पुन्हा वरच राहायला लागला. लेथचं काम सुंदर होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

किट आलं. प्लंजर आणि लिंक, स्लीव्ह, कॉइल स्टॉप, बुशिंग, रिटर्न स्प्रिंग, ईओएस स्विच, स्क्रू. सगळं ठीकठाक, फक्त सूचनांचा कागद नाही. स्क्रूला 5/32 इंची अ‍ॅलन की लागते. ती सियागंजात शोधत बसू नका. 5/32 म्हणजे 3.97 मिमी, आपली 4 मिमीची की घट्ट बसते.

जुळणीत दोन ठिकाणी वेळ द्या. पहिली जागा बुशिंगची, म्हणजे फ्लिपरचा दांडा ज्यातून जातो त्या नळीची. फ्लिपरचा दांडा क्रँकमध्ये आवळताना फ्लिपर खाली दाबून आवळला तर तो बुशिंगवर घासतो आणि सगळे भाग नवे असूनही अडकतो. वर-खाली साधारण 0.8 मिमी खेळ हवा. मी जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा मध्ये ठेवून आवळलं आणि मग तो काढून घेतला. दुसरी जागा ईओएसची. फ्लिपर पूर्ण वर असताना पत्त्यांमध्ये दोनेक मिमी अंतर दिसलं पाहिजे. किटमधला स्विच जसाच्या तसा बसवला तर अंतर पडतच नव्हतं, पत्ती पकडीने हळूच वाकवावी लागली. सूचनांचा कागद नसल्याचा राग खरा इथे आला, कारण हे ज्याला माहीत नाही तो नवी कॉइल जाळून बसेल.

आता वापराचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर धुमाकूळ होता, तरी फ्लिपर एकदाही अडकला नाही. तासभर खेळून झाल्यावर कॉइलला हात लावून बघायचो, कोमट लागायची, चटका नाही. संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की फ्लिपर मऊ वाटायचे आणि रात्री उशिरा बॉल रॅम्पवर सणसणत जायचा. तो किटचा दोष नाही. फ्लिपरचा पुरवठा रेग्युलेटेड नसतो, लाइनचा व्होल्टेज पडला की ताकदही पडते.

पावसाळ्यात प्लंजरवर गंजाचा हलका थर आला. काढला, कोरड्या फडक्याने पुसला, परत बसवला. समोरच्या काकांनी शिलाई मशीनचं तेल सुचवलं. प्रेमाने सुचवलं, पण इथे तेल कुठलंच चालत नाही. प्लंजर आणि स्लीव्ह कोरडेच चालायचे असतात, तेलात धूळ आणि लोखंडाची भुकटी कालवली गेली की आठवडाभरात चिकट लगदा होतो. ईओएसचे संपर्क काळे पडले तर जुन्या पद्धतीच्या जाड टंगस्टनला बारीक कानस चालते. बोर्डवाल्या मशीनच्या सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांना नाही, तिथे कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन पत्त्यांमधून ओढा.

तक्रार एकच उरली. रिटर्न स्प्रिंग जरा ताठ आहे, बॉल फ्लिपरवर अलगद झेलायला पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. पोरांना फरक कळत नाही, मला कळतो. उजव्या बाजूला म्हणून जुनीच स्प्रिंग ठेवली आहे, ती उत्तम चालते.

किटच्या किमतीपेक्षा कुरिअर आणि ड्यूटीच जास्त झाली, त्यामुळे एका फ्लिपरसाठी मागवणं परवडत नाही, दोन्ही बाजूंचं एकदम घ्या. मी मात्र पुढच्या वेळी पूर्ण किट घेणार नाही. स्लीव्हचं पाकीट, दोन प्लंजर आणि एक जादा ईओएस स्विच, एवढंच.